सत्तावीस ठोके

स्क्रू आपोआप फिरत नाही, हे मला माहीत होतं. तरीही त्या महिन्यात मी तो आपोआप फिरण्याची चार संभाव्य कारणं वहीत लिहिली होती आणि चारही मला थोडी थोडी पटत होती.

गाडी एकोणीस वर्षांची. दातांच्या एका डॉक्टरबाईंकडून घेतलेली. मूळची पांढरी, आता फार चहा पिणाऱ्या माणसाच्या दातांच्या रंगाची. आई तिला डबी म्हणायची. डबी घरीच दुरुस्त करायची असं ठरलं, कारण गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला त्यात दुसरी डबी आली असती.

मला गाडी हवी होती ती एकाच कारणासाठी. शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या काठी पाणी तपासायची प्रयोगशाळा आहे, तिथे माझी नेमणूक झाली होती. अंतर तेवीस किलोमीटर. पाळी सकाळी सहाला सुरू, आणि त्या बाजूची पहिली बस सुटते साडेसहाला. एक तारखेला सहा वाजता हजर न झाल्यास प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल, असं पत्रात लिहिलं होतं. पुढची उमेदवार कोण हेही मला माहीत होतं. कॉलेजात ती माझ्याच टेबलावर असायची आणि तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता.

पत्र आलं तेव्हा एक तारखेला एकोणतीस दिवस होते.

आमचं घर एक, दारं दोन, अंगण एक. एका दारातून आम्ही जातो-येतो, दुसऱ्यातून काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. बाबांनी बत्तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर चालवले. काका शिलाई मशीन दुरुस्त करतात, अजूनही करतात. दोघांच्या हातात कला आहे आणि दोघांमध्ये चार वर्षांचा अबोला आहे. त्यामुळे दोघांनाही एकमेकांना सांगायचं ते माझ्यामार्फत जातं. काका बाबांचा उल्लेख ‘तुझे तीर्थरूप’ असा करतात. बाबा काकांना ‘पलीकडचे’ म्हणतात, जणू मध्ये नदी आहे.

अबोल्याचं कारण मी दोघांकडून स्वतंत्रपणे ऐकलेलं आहे आणि दोन हकिगती जुळत नाहीत. एवढं नक्की, की चार वर्षांपूर्वी काका पाण्याची टाकी साफ करायला गच्चीवर चढले होते आणि खाली शिडी बाबांनी धरली होती. काका म्हणतात, मी कठड्यावर पाय टाकला आणि ‘धरून ठेव’ असं तीनदा ओरडलो, तर तुझे तीर्थरूप शांतपणे शिडी सोडून घरात निघून गेले. काका पाऊण तास गच्चीवर अडकले. बाबा म्हणतात, मी खालून विचारलं ‘झालं का?’, वरून काही उत्तर नाही, म्हटलं झालं असेल. यात खोटं कोण बोलतंय, हे मला कधी ठरवता आलं नाही.

डबीसाठी मात्र दोघेही हवेत, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. म्हणून मी वही घातली. जाड पुठ्ठ्याची, गाडीच्या छपराखालच्या खिळ्याला दोरीने बांधलेली. पहिल्या पानावर नियम लिहिले: एका वेळी एकच बदल करायचा. प्रत्येक बदलाची नोंद करायची, काय, किती, केव्हा आणि कोणी. नोंद करायची नसेल तर बदल करायचा नाही. कारण सोपं होतं. तीन माणसांनी एकाच दिवशी तीन गोष्टी बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली हे कळत नाही. बिघडली तर त्याहून कळत नाही. बाबांनी नियम दोनदा वाचून सही केली. काका म्हणाले, “शास्त्रज्ञ बाई, मशीन बघून दुरुस्त करायचं असतं, परीक्षा घेऊन नाही.” पण सही त्यांनीही केली, बाबांच्या सहीपासून जमेल तितकी लांब.

पहिले दोन आठवडे छान गेले. बाबांनी ब्रेक काढून साफ केले, पॅड बदलले. काकांनी पेट्रोलचा कुजलेला पाइप काढला आणि ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप असं केलं की किल्ली लोण्यातून फिरावी. मी प्लग बदलले, कार्बोरेटर सोडवून धुतला, तळाला गंजून पडलेल्या भोकावर पत्रा बसवला. प्रत्येक गोष्ट वहीत लिहिली. बाबा सकाळी काम करायचे, काका दुपारी बाबा झोपले की. वही दोघांच्या मधे लटकलेली.

उरली एकच अडचण. आमची गल्ली चढाची आहे. वरच्या टोकाला ती मोठ्या रस्त्याला मिळते आणि तिथे नाक वर करून थांबावं लागतं. डबी नेमकी तिथे बंद पडायची. बंद पडली की ब्रेक जड होतो, गाडी मागे सरकते, आणि मागे एका बाजूला शाळेची भिंत आहे. शिवाय मला निघायचं होतं पहाटे सव्वापाचला, दिवे लावून. दिवे लावले की डायनॅमोवर भार येतो आणि इंजिन आणखी मंदावतं. म्हणजे पाय उचललेला असताना इंजिन किती वेगाने फिरतं, यावर माझी नोकरी अवलंबून होती. तो वेग कार्बोरेटरच्या बाजूला असलेल्या एका स्क्रूवर ठरतो. फिटर त्याला रेसचा स्क्रू म्हणतात. आत पिळला की रेस वाढते, बाहेर काढला की उतरते.

डबीला फेरे मोजायचा काटा नाही. पण चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा ठोका देतं, आणि आवाजाची वारंवारता मोजणारं ॲप फुकट मिळतं. मिनिटाला आठशे फेरे म्हणजे सेकंदाला सत्तावीसच्या आसपास ठोके. मी फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून सत्तावीस लावले. चढावर तीनदा थांबून पाहिलं. डबी एकदाही बंद पडली नाही. मी वहीत लिहिलं, सही केली आणि जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौतीस.

फोन चुकला असेल म्हणून पुन्हा मोजलं. चौतीस. इंजिन गुरगुरत होतं आणि ब्रेकवरून पाय सैल केला की गाडी पुढे ओढ घ्यायची. मी स्क्रू बाहेर काढून सत्तावीसवर आणला, नोंद केली, शिकवणी घ्यायला गेले. संध्याकाळी येऊन मोजलं तर बावीस. चढावर नेली, बंद पडली, शाळेच्या भिंतीला हात लावून परत आली.

हे रोज व्हायला लागलं. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. मी आधी हवेला दोष दिला. पण थंडीत तेल घट्ट होतं, इंजिन हळू फिरायला हवं. इथे थंड सकाळीच ते धावत होतं. मग वाटलं, स्क्रूवरची स्प्रिंग सैल झाली असेल आणि थरथरीने स्क्रू सरकत असेल. काकांनी शिलाई मशीनच्या डब्यातून नवी स्प्रिंग काढून दिली. काही फरक नाही. आणि थरथरीने सरकणारा स्क्रू एकाच दिशेला सरकावा, रोज दोन्ही दिशांना जाऊन यावा का? मी त्याच्या डोक्यावर नेलपॉलिशने खूण केली. सकाळी खूण पाव फेरा आत गेलेली, संध्याकाळी तेवढीच बाहेर. स्क्रू खरोखर फिरत होता.

दोघांना विचारलं होतं, अर्थातच. बाबा रोज सकाळी फिरून आले की पाच मिनिटं इंजिन चालवून गरम करायचे, आणि काका दुपारी गाडी उन्हातून सावलीत घ्यायचे. दोन्ही कामं वहीत लिहिलेली होती. रेसचा काही बदल केलात का, असं मी बाबांसमोर उभी राहून विचारलं. ते म्हणाले, नाही. काकांना विचारलं. ते म्हणाले, वहीत लिहिलंय का? नाही ना? मग नाही.

मी वहीत नवे रकाने आखले. तापमान, हवेतला दमटपणा, टाकीतलं पेट्रोल, गाडीचं तोंड कुठल्या दिशेला. शेजारच्या घरात पाणी चढवायची मोटर आहे. ती सुरू झाली की आमच्या भिंतीलाही हादरे जाणवतात, म्हणून मोटर चालू की बंद हाही एक रकाना. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या फिटरला मी तक्ता दाखवला. त्याने शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, “ताई, घरात माणसं किती?” मी म्हटलं, त्याचा काय संबंध? तो म्हणाला, स्क्रूला पाय नसतात, हात लागतो. मला त्याचा रागच आला. दोघांनी सह्या केल्या होत्या. माझा माणसांपेक्षा वहीवर जास्त विश्वास होता, आणि वहीत तर माणसांच्या सह्या होत्या, त्यामुळे गोष्ट गोल फिरून तिथेच येत होती.

आई हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. एकदा मोठ्याने म्हणाली, “डबीला काय विचारतेस, ती बोलणार आहे का?” आई सगळंच मोठ्याने बोलते. आमच्या घरात सगळेच तसे बोलतात, सवयच आहे.

एक तारीख पाच दिवसांवर आली आणि शिकवणीच्या घरी पाहुणे आल्यामुळे मला अर्ध्या वाटेतून परत पाठवलं. दुपारचे तीन. अंगणात डबीचं बॉनेट उघडं, इंजिन चालू, बॉनेटच्या आतल्या पट्टीवर पाण्याचा पेला ठेवलेला, आणि काका पेल्यातल्या पाण्याकडे बघत बारीक स्क्रूड्रायव्हर फिरवत होते. पाणी थरथरायचं थांबलं तसे तेही थांबले. मी फोन काढून मोजलं. बावीस. रोज बरोबर बावीस का यायचं, हे मला त्या पेल्याने सांगितलं.

मला बघून काका दचकले नाहीत. उलट तक्रारीच्या सुरात म्हणाले, की तुझे तीर्थरूप रोज सकाळी मुद्दाम रेस वाढवून ठेवतात, माझ्या खिडकीखाली, मला खिजवायला. मशीन ओरडायला लागलं की झिजतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मी वहीचा नियम काढला.

“नियम काय म्हणतो? बदलाची नोंद करा. मी कुठे बदल केला? मी बिघडवलेलं जागेवर आणतोय. जागेवर आणण्याची नोंद करायची, असं कुठे लिहिलंय?”

नव्हतं लिहिलं. मी नियम पुन्हा वाचला. खरंच नव्हतं.

बाबा उठल्यावर त्यांना विचारलं तर त्यांचं उत्तर जवळजवळ शब्दशः तेच. पलीकडचे रोज रेस उतरवतात, मी फक्त पूर्ववत करतो. म्हणजे दोघांनाही माहीत होतं. दोघेही दहा दिवस एकमेकांना स्क्रूमधून उत्तरं देत होते, आणि मी मधे बसून हवेचा दमटपणा मोजत होते. मधे मी सत्तावीस लावलेले असायचे, हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. बाबांना वाटायचं, कमी आहे ते काकांमुळे. काकांना वाटायचं, जास्त आहे ते बाबांमुळे.

इथे मी सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. पण तक्त्यात अजून एक गोष्ट होती जी मला कळत नव्हती. काकांचा आकडा रोज बावीस. बाबांचा मात्र हलायचा: चौतीस, एकोणचाळीस, चौतीस, पस्तीस, चाळीस. मी रकाने एकाखाली एक लावून पाहिले. ज्या सकाळी शेजारची मोटर बंद, त्या सकाळी चौतीस-पस्तीस. ज्या सकाळी मोटर चालू, त्या सकाळी एकोणचाळीस-चाळीस. एकही अपवाद नव्हता. एवढा स्वच्छ संबंध मला कॉलेजच्या प्रयोगातही कधी मिळाला नव्हता, आणि त्याचा अर्थ लागत नव्हता. शेजारच्या मोटरीचा आमच्या कार्बोरेटरशी काय संबंध?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांबरोबर अंगणात उभी राहिले. मोटर चालू होती. म्हटलं, तुम्ही कसं लावता ते मला बघायचंय. बाबा खूश झाले. म्हणाले, कॉम्प्रेसरवर शिकलेली गोष्ट आहे. इंजिनाच्या डोक्यावर झडपा हलवणारे टॅपेट असतात, त्यांची टिकटिक यायला हवी. टिकटिक स्पष्ट आली की समजायचं, वेग पुरेसा आहे, तेल वरपर्यंत चढलंय. ती ऐकू येईपर्यंत रेस वाढवायची आणि मग थांबायचं.

मी सहा पावलं मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी होते. टिकटिक मला आत्ताच ऐकू येत होती. सत्तावीसला. शिवणाच्या सुया टेबलावर सांडाव्यात तशी बारीक, स्पष्ट.

बाबा बॉनेटमध्ये वाकलेले होते आणि वाट बघत होते.

त्यांनी स्क्रू थोडा आत घेतला. तीस. मान तिरकी केली. तेहतीस. कान अजून जवळ नेला. सदतीस. मला वाटत होतं, आता थांबतील, आता थांबतील. चाळीसला त्यांनी मान वर केली आणि हसून म्हणाले, “आली बघ.”

मी मान हलवली. सतत गोंगाटात काम केलेल्या माणसाचे आधी उंच, बारीक आवाज जातात. जाड आवाज राहतात, त्यामुळे त्याला स्वतःलाही बराच काळ पत्ता लागत नाही. हे मी पाठ्यपुस्तकात वाचलं होतं. आलेखासकट. परीक्षेला आलं होतं आणि मी पूर्ण गुण मिळवले होते. मग बाबा समोर उभं राहून विचारल्याशिवाय उत्तर देत नाहीत, याला आम्ही इतकी वर्षं कारखान्याचा स्वभाव का म्हणत होतो? आई मोठ्याने बोलते ती कधीपासून? आईला माहीत आहे की तिलाही नाही? आणि बाबांना?

ते पुन्हा वाकल्यावर मी जवळ गेले, त्यांच्या पाठीशी उभी राहून नेहमीच्या आवाजात म्हटलं, “बाबा, स्क्रूड्रायव्हर द्या.” ते इंजिनाकडे बघत राहिले.

दुपारी मी तक्ता घेऊन काकांकडे गेले. बाबांना सांगायचं धैर्य नव्हतं आणि आईला सांगायला शब्द नव्हते. काकांना निदान मशीनची भाषा कळते. मी मोटरीचा रकाना दाखवला, आकडे दाखवले, टिकटिक कुठे ऐकू येते आणि बाबा कुठे थांबतात ते सांगितलं. काका एका शिलाई मशीनचं शटल पुसत होते. ते ऐकत राहिले आणि पुसत राहिले. शटल कधीच लख्ख झालं होतं.

“म्हणजे मला खिजवायला नाही,” ते शेवटी म्हणाले.

मी म्हटलं, नाही.

मग त्यांनी मला एक विचित्र प्रश्न विचारला. टाकी साफ केली त्या दिवशी शेजारची मोटर चालू होती का? मी म्हटलं, तेव्हा वही नव्हती. मी जाऊ लागल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “तीनदा ओरडलो होतो मी.” हे ते नेहमीच म्हणायचे. पण या वेळी ते मला सांगत होते, की स्वतःला विचारत होते, हे कळलं नाही.

पुढच्या दोन दिवसांत काही झालं नाही. सकाळी चौतीस, संध्याकाळी सत्तावीस. म्हणजे काकांनी हात लावणं सोडलं होतं. मला वाटलं, गाडीचं जमलं. पहाटे निघताना मीच रेस उतरवीन. पण सव्वापाचला अंधारात, गरम इंजिनात हात घालून रोज स्क्रू फिरवायचा, आणि तोही बाबांनी आनंदाने लावून ठेवलेला?

एक तारखेला पावणेपाचला मी डबा भरत होते तेव्हा अंगणात इंजिन सुरू झालं. मोटरही चालू होती. मी खिडकीशी गेले. छपराखालचा दिवा लागलेला, बाबा बॉनेटमध्ये वाकलेले. आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूला, बॉनेटला टेकून, काका. हातात पाण्याचा पेला नव्हता. ते डोळे मिटून ऐकत होते. बाबांनी स्क्रू जरा आत घेतला, वर बघितलं. काकांनी नकारार्थी बोट हलवलं. बाबांनी आणखी थोडा घेतला. काकांनी हात वर केला, पंजा उघडा, थांब अशा अर्थाने.

बाबा थांबले. मान तिरकी करून त्यांनी ऐकायचा प्रयत्न केला. त्यांना काही ऐकू आलं नसणार. ते काकांच्या उघड्या पंजाकडे बघत राहिले, मग माझ्या खिडकीकडे, मग पुन्हा पंजाकडे. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि बाजूला झाले. कुणी कुणाला काय सांगितलं होतं, की काहीच सांगितलं नव्हतं, मला माहीत नाही. एवढं दिसलं की बाबांनी खिशातून पुसायचं फडकं काढलं, स्क्रूड्रायव्हर पुसला आणि खिशात ठेवून दिला.

मी बाहेर आले तेव्हा फोन कट्ट्यावर ठेवून मोजलं. सत्तावीस पूर्णांक एक. वहीत त्या तारखेपुढे ओळ लिहिलेली होती, बाबांच्या अक्षरात: ‘रेस लावली.’ कोणी, या रकान्यात बाबांची सही होती आणि त्याच चौकोनात, जागा नसताना कोंबलेली, काकांची.

डबीने चढ घेतला. वरच्या टोकाला दिवे लावून थांबावं लागलं, कारण मोठ्या रस्त्याने एकामागून एक तीन ट्रक चालले होते. मी पाय ब्रेकवर ठेवून मोजत बसले, ठोके नाही, नुसतेच सेकंद. इंजिन मंदावलं, थरथरलं, आणि चालू राहिलं.

आरशात खाली अंगण दिसत होतं. दिव्याखाली दोघे शेजारी उभे होते. काका काहीतरी सांगत होते, बरंच काही, हातवारे करून, एकदा वर गच्चीकडे बोट दाखवून. बाबा माझ्या गाडीकडे बघत होते. काका त्यांच्या कुठल्या कानाशी उभे होते, आणि त्यातलं बाबांपर्यंत किती पोचत होतं, हे मला एवढ्या लांबून ठरवता येईना. तिसरा ट्रक गेला, रस्ता मोकळा झाला, आणि मला निघावं लागलं.